उघडं राहणारं पुस्तक

मी बांधलेलं पुस्तक खाटेवर उघडून ठेवलं की उघडंच राहतं. हात काढला तरी मिटत नाही. मधल्या खाचेत अक्षरं गडप होत नाहीत, आणि पहिलं पान असो की शेवटचं, दोन्ही बाजू भाकरीसारख्या सपाट पसरतात. कुणाला ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. हे जमायला माझा एक अख्खा उन्हाळा गेला, आणि त्या उन्हाळ्यात मी कागदाची किती नासाडी केली ते फक्त आमच्या घरच्यांना माहीत आहे.

आखाडा बाळापूरला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. घर जवळच्याच खेड्यात, रानाला लागून. शेती हे बघतात, दुकान मी बघते. पोरं शिकायला नांदेडला. घरात आम्ही दोघं आणि सासू-सासरे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. पुस्तकं बांधायचा माझा नाद मामांच्या डोळ्यांमुळे सुरू झाला.

मामा जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि जन्मभर शेती केलेले. पण वाचनाचं वेड असं की वसमतच्या बाजाराला जाताना भाजीच्या पिशवीत एक पुस्तक जायचं आणि परत येताना वांग्या-मिरच्यांखाली दुसरं यायचं. तिथल्या वाचनालयातली रहस्यकथांची सगळी कपाटं त्यांनी उपसली होती. संध्याकाळी आत्याबाई ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या आणि मामा मोठ्यानं वाचायचे. खून नेमका कुणी केला ते कळायची वेळ आली की मुद्दाम पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "उरलेलं उद्या." आत्याबाई चिडायच्या. रोज चिडायच्या आणि रोज शेंगांचं सूप घेऊन तिथंच बसायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरातलं मला सगळ्यात आधी आवडलेलं हेच.

डोळ्यांचं दुखणं हळूच आलं. पहिल्यांदा मामा छपाईला नावं ठेवू लागले. "आजकाल ओळीच वाकड्या छापून राहिले हे लोक," म्हणायचे. मी बघितलं तर ओळी सरळ होत्या. मग एकदा माझा सख्खा भाऊ दारात उभा असताना त्यांनी त्याला हळदीचा व्यापारी समजून भाव विचारला. तेव्हा आम्ही त्यांना नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं. पडद्याचा मधला भाग गेला होता. डोळ्यात सुया दिल्या, त्यानं उरलेली नजर टिकली. गेलेली परत आली नाही. समोर धरलेल्या वस्तूच्या मधोमध त्यांना एक मळकट डाग दिसायचा आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं.

मामा चालत-फिरत होते, रानात जात होते, पण वाचन थांबलं. ह्यांनी त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी वाचलेल्या गोष्टी लावून दिल्या. मामांनी एक दुपार ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"हा बाबा लई घाईत वाचून राहिला," ते म्हणाले. "मला थांबायचं असलं तर थांबत न्हाई. आन मला ऐकायचं न्हाई बाई, मला वाचायचंय."

मग आत्याबाई म्हणाल्या, "मी वाचू का?" त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. एकेक अक्षर जोडत त्यांनी अर्धं पान वाचलं. मामांनी निमूटपणे ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी काही ना काही काम काढून संध्याकाळी ते रानातच थांबले. ओट्यावर शेंगा फोडायचा आवाज तेवढा राहिला. त्या दोघांमधलं बोलणंच आटलं, कारण त्यांचं निम्मं बोलणं त्या पुस्तकांवरूनच व्हायचं.

एक दिवस मामा माझ्यासोबत दुकानात आले होते. शेजारच्या दवाखान्यासाठी मी एक पाटी छापून ठेवली होती, भल्या मोठ्या अक्षरांत. मामांनी मान तिरपी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी एका डोळ्यानं, आणि मोठ्यानं वाचलं, "येथे थुंकू नये."

मी हातातलं काम सोडून बघत राहिले. त्यांनी पुन्हा वाचलं, "येथे थुंकू नये. अगं, हे दिसलं की मला!"

दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. मामांना त्याचं काही नव्हतं. ते पाटीपासून मागे सरकून, पुढे येऊन, डावीकडून, उजवीकडून तेच वाक्य वाचत होते. मी तिथल्या तिथं वर्तमानपत्राचं एक कात्रण मशीनवर ठेवलं आणि मोठं करत गेले. एका मापाला मामा म्हणाले, "बस. हे बराबर हाय." ते माप मी पेनानं मशीनच्या कडेला लिहून ठेवलं. अजून आहे.

घरातल्याच एका रहस्यकथेची पानं मी त्या मापानं मोठी केली. वाटलं, झालं काम. पण काम तिथून सुरू झालं. सुटे कागद मामांच्या हाती दिले तर पंख्यानं ते खोलीभर केले. स्पायरल घातलं तर मामा पान उलटायचे ते आतल्या कोपऱ्याला चाचपून, त्यामुळे आठवड्यातच भोकं फाटली आणि पानं एकेक करून हातात आली. मग कडेला भरपूर गोंद लावून पुठ्ठा चिकटवला. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. गोंद मऊ पडला आणि पुस्तकाची पानं पानकोबीसारखी सुटली.

मग मी दाभण घेतलं. हळदीची पोती शिवायचं जाड दाभण आमच्या घरात असतंच. कडेपासून बोटभर आत भोकं पाडून पुस्तक आरपार शिवून टाकलं. ते पुस्तक बैलानं ओढलं असतं तरी तुटलं नसतं, पण ते उघडेचना. मामांनी दोन्ही हातांनी फाकवलं, गुडघा ठेवला, शेवटी आत्याबाईंचा वरवंटा पानावर ठेवून बघितला. वरवंटा उचलला की पुस्तक पटकन मिटायचं.

"हे पुस्तक हाय का उंदराचा पिंजरा?" मामा म्हणाले.

किती दिवसांनी ते चेष्टा करत होते. मला राग यायला हवा होता, पण मी आत जाऊन हसून घेतलं आणि ठरवलं की आता हे सोडायचं नाही.

मामांच्या कपाटात कापडी पाठीचं एक जुनं जाड पुस्तक होतं. ते कुठंही उघडलं तरी उघडंच राहायचं. मी ते ओट्यावर आणलं आणि हातात ब्लेड घेतलं.

"काय करून राहिली?" मामांनी विचारलं.

"फाडून बघते, आतून कसं हाय ते."

मामा दचकले. ते पुस्तक त्यांना शाळेत बक्षीस मिळालेलं. त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "फाड. पण परत बांधून दे."

मी पाठीवरचं कापड अलगद सोडवलं. आत बघितलं तर पानं सुटी नव्हतीच. मोठे कागद मधोमध घडी घालून, चार-पाच एकात एक सरकवून, त्यांची एकेक जुडी केलेली होती, आणि प्रत्येक जुडी घडीच्या पोटातून शिवून शेजारच्या जुडीला गाठीनं धरलेली. मामांना बोटानं चाचपायला दिलं. त्यांनी लगेच ओळखलं. "ह्याला जुज म्हंतेत," ते म्हणाले. "वसमतला एक म्हातारे बांधणीवाले होते, ते म्हनायचे, जुज शिवा, पानं शिवू नका." आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी दिसली. पुस्तकाची पाठ बाहेरच्या पुठ्ठ्याला चिकटवलेलीच नव्हती, मधे पोकळी होती. पुस्तक उघडलं की पाठ वाकायची आणि पुठ्ठा जागच्या जागी राहायचा. माझ्या पिंजऱ्याचं दार का उघडत नव्हतं ते मला कळलं.

ते जुनं पुस्तक मी परत शिवलं, आणि तेच माझं पहिलं धड पुस्तक. पुढचं सामान जमवलं ते असं: मोच्यांकडचा मेणाचा दोरा, बारीक टोच्या, पाठीला मांजरपाटाची पट्टी, आणि चिकटवायला मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून आत्याबाईंनी त्या पातेल्याला लाल रंगाचा पट्टा ओढून ते स्वयंपाकघराबाहेर काढलं, ते बरं केलं. दाबायला त्यांचाच पाटा. चटणीला पाटा लागला की त्या मला विचारून घ्यायच्या, "तुझं पुस्तक सुकलं का गं?"

मामांसाठी मोठ्या अक्षरांची पहिली शिवलेली रहस्यकथा मी मोठ्या डौलात त्यांच्या हाती दिली. खाटेवर ती सपाट पसरली. मामांनी मान तिरपी केली, ओळ सापडवली, आणि वाचू लागले. हळू वाचत होते, पण वाचत होते. आत्याबाई शेंगांचं सूप घेऊन केव्हा येऊन बसल्या ते मला दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी मामा वाचता वाचता थांबले.

"अगं सूनबाई, हा सावकार काल मेला होता ना?"

"व्हय. विष घालून."

"मग आज काहून चहा पिऊन राहिला?"

मी पुस्तक घेऊन बघितलं. घडीच्या कागदावर पानं क्रमानं येत नाहीत. पहिल्या पानाच्या शेजारी शेवटचं येतं, दुसऱ्याच्या शेजारी शेवटून दुसरं, आणि मधोमध पोचल्यावर कुठं ती सलग होतात. माझी एक जुज उलटसुलट जुळली होती. मेलेला सावकार चहा पिऊन, जेवून, मग परत मरणार होता. आत्याबाई डोळ्याला पदर लावून हसत होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला तेवढाच चहा." मी ते पुस्तक उसवून दुरुस्त करायला निघाले तर मामांनी करू दिलं नाही. त्यांना आता तसंच आवडलं होतं. पुढच्या प्रत्येक पुस्तकाला मात्र मी आधी कोऱ्या कागदाची छोटी नक्कल करून, पानांवर आकडे घालून बघते, मगच मशीन सुरू करते.

त्या वर्षी मी मामांसाठी एकामागून एक पुस्तकं बांधली. एका कादंबरीचे तीन-चार खंड व्हायचे, कारण जाड झालं की त्यांना पेलायचं नाही. ह्यांनी ओट्यालगतच्या खोलीत एक फळी ठोकून दिली. हात बसत गेला. टाका किती ओढायचा ते बोटांना समजू लागलं. ढिला राहिला की जुज हलते, जास्त ओढला की कागद चिरतो. कुणी विचारलं की मी सरळ सांगते, की आता मला पुस्तक बांधता येतं.

फेब्रुवारीत हळद काढायला सुरुवात झाली. आमच्या रानाला लागून एक तांडा आहे. तिथल्या बायका दरवर्षी हळदीच्या कामाला येतात. त्यांची स्वतःचीही थोडी थोडी शेती आहे, ते काम आटपलं की येतात. अंगणात कंद मोडायचे, माती झटकायची, गड्डे वेगळे काढायचे, असं बसून करायचं काम चालायचं. मामा पडवीत खाटेवर वाचत असायचे. बायकांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "मामा, मोठ्यानं वाचा की, आमालाबी कळू द्या." मग काय, मामांना मैदानच मिळालं.

त्यातल्या एकीची लेक सुट्टीच्या दिवशी आईबरोबर यायची. पाचवीतली. गप्प, अंग चोरून बसणारी. तिच्या आईनं पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं, "हिला अभ्यासाचं काही येत न्हाई ताई. गुरुजी म्हंतेत घरी वाचून घ्या. हिला पुस्तक दिलं की रडते." ती पोरगी कंद मोडायचं सोडून मामांच्या खाटेच्या पायथ्याशी सरकत जायची आणि गोष्ट ऐकायची.

एका रविवारी मामा एका ओळीवर अडकले. अक्षर त्यांच्या डागाखाली सापडलं होतं. ते मान इकडे तिकडे करत होते, "तिनं दार... तिनं दार..." एवढंच म्हणत होते. उघड्या पुस्तकाच्या अगदी जवळून आवाज आला, "तिनं दार लोटलं आणि कंदील मालवला."

मामा थांबले. "कोण वाचून राहिलं?"

पोरगी घाबरून मागे सरकली. मामा म्हणाले, "अगं वाच की पुढं. ये इकडं, खाटेवर बस." ती बसली. आणि वाचू लागली. सलग, न अडखळता, जिथं थांबायचं तिथं थांबून. अंगणातल्या बायकांचे हात थांबले. तिची आई मातीच्या हातांनी तशीच उठून आली.

"ती वाचत न्हाई मामा," आई म्हणाली. "तुमी वाचलेलं पाठ केलं आसंल."

"मी तर हितवर आलोच न्हाई अजून," मामा म्हणाले.

आईनं अभ्यासाला म्हणून सोबत आणलेलं तिचं शाळेचं पुस्तक मी पिशवीतून काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते नाकाला टेकेल इतकं जवळ घेतलं, डोळे बारीक केले, आणि तिच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. मी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. बुबुळं एका जागी ठरत नव्हती, बारीक थरथरत होती. मी म्हणाले, "हिला येतं सगळं. हिला अक्षर दिसत नाही."

हे ऐकून तिची आई आनंदेल असं मला वाटलं होतं. ती मात्र पांढरीफटक पडली. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, असं बोलू नका. ढ म्हनलेलं चालतंय. आंधळी म्हनली तर उद्या तिचं कसं हुईल? कोन करून घील तिला?"

मामांचे कान मात्र शाबूत होते. खाटेवरूनच म्हणाले, "आंधळी कोण? मी आंधळा हाय का? बघ, तुझ्यासमोर वाचून राहिलो. नजर कमी हाय, तर अक्षर मोठं करायचं. एवढीच तकलीफ हाय." मग जरा थांबून म्हणाले, "दवाखान्यात ने तिला. मी पन येतो."

मामा आले नाहीत, त्यांना उन्हात नेणं बरं नव्हतं; आत्याबाई गेल्या. त्या मायलेकींना घेऊन आम्ही एसटीनं हिंगोलीला सरकारी दवाखान्यात गेलो. तपासायला बराच वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून नीट सांगितलं की हे जन्मापासूनचं आहे, वाढणारं नाही, आंधळेपणा येणार नाही. चष्म्यानं थोडं सुधारेल. पण बारीक अक्षर तिला कधीच सोपं जाणार नाही; अक्षर मोठं असलं तर ती कुणाइतकंही शिकेल. आई सगळं ऐकून घेत होती. बाहेर आल्यावर तिनं लेकीला शेजारच्या गाड्यावरून उसाचा रस पाजला आणि स्वतः न पिता तिच्याकडे बघत राहिली. परतीच्या बसमध्ये ती आत्याबाईंना म्हणाली, "चार वर्षं मी तिला मारून राहिले अभ्यासासाठी." आत्याबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बाळापूर येईपर्यंत सोडला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहावीची पुस्तकं करायला घेतली. शाळेच्या पुस्तकांच्या फायली इंटरनेटवर मिळतात, त्यामुळे अक्षर स्वच्छ निघतं. पण लेकरानं रोज दप्तरातून न्यायचं म्हणजे वजनाचा विचार आला. एका पुस्तकाची पाच-सहा पातळ पुस्तकं केली, जितकं शिकवायचं चालू असेल तितकंच न्यायला. गणिताला समासात जागा सोडली, तिला आकडे मोठे काढता यावेत म्हणून. आणि बाहेरच्या कापडाचा रंग विषयाप्रमाणे वेगळा ठेवला, म्हणजे दप्तर उघडलं की वाचल्याशिवाय कळावं. मराठीला कापड तिच्या आईनं आणून दिलं. तिच्या सासूच्या जुन्या फेटियाचा, म्हणजे तांड्यावरच्या बायका घालतात त्या घागऱ्याचा, गर्द लाल तुकडा. काठाला आरसे होते. आरसे पुस्तकावर टिकणार नाहीत, एकावर एक ठेवली की बाकीच्यांना ओरखडे पडतील, हे मी तिला सांगितलं. तिनं तिथंच बसून आरसे काढले आणि एक तेवढा कोपऱ्यात ठेवला. "एवढा असू द्या," म्हणाली. मी ठेवला. ते पुस्तक तेवढं सुती फडक्यात गुंडाळून दिलं, बाकीच्यांना ओरखडे नकोत म्हणून.

शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले, कारण असली पुस्तकं बघून गोंधळ झाला असता. वर्गशिक्षक तरुण होते, नवीनच बदलून आलेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं.

"हे कुठं छापून मिळतं?" त्यांनी विचारलं.

"मिळत नाही. मी बांधलंय."

त्यांनी तिला पहिल्या बाकावर, खिडकीजवळ बसवलं. मी दारात उभी होते. पहिल्या धड्याला सुरुवात करायला त्यांनी तिलाच सांगितलं. मागून एक-दोन पोरं खिदळली, त्यांना वाटलं आता नेहमीसारखी ही रडणार. तिनं उभं राहून पुस्तक बाकावर उघडलं, मान मामांसारखी तिरपी केली आणि वाचायला लागली. एक परिच्छेद झाला. गुरुजी म्हणाले, "छान, बस आता." ती बसली नाही. पुढचा परिच्छेद वाचला. गुरुजी परत म्हणाले, "अगं, पुरे." तिनं पान उलटलं. आता वर्ग हसायला लागला, पण ते हसणं वेगळं होतं. गुरुजींनी मग हात बांधले आणि तिला वाचू दिलं. अख्खा धडा वाचून झाल्यावर ती खाली बसली, आणि तेव्हा कुठं तिनं दाराकडे, मी उभी होते तिकडे, अंदाजानं बघितलं.

घरी येऊन मी हे मामांना सांगितलं. मामांनी ते माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा सांगताना आत्याबाईंना स्वयंपाकघरातून बोलावलं.

याला आता दोन वर्षं झाली. पोरगी आठवीत आहे. वर्गात ती मधल्या मुलींमध्ये असते. गणितात चांगली, इंग्रजीला वैतागलेली. गुरुजींनी परीक्षेची प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत काढून घ्यायची सोय लावली, ती माझ्याच दुकानात निघते, बंद पाकिटात. तिची आई आता मला पुस्तकाच्या कापडासाठी फक्त रंग विचारते. आणि मामा अजून वाचतात. नजर आणखी थोडी उतरली, तसं मी मशीनवरचं माप वाढवलं.

गेल्या आठवड्यात ती भूगोलाचं पुस्तक घेऊन आली. "ताई, ह्यातला नकाशा मला दिसत न्हाई. गुरुजी म्हंतेत नकाशा सोडून दे, तुला त्याचे मार्क दुसरीकडं देऊ. मला सोडायचा न्हाई."

नकाशा मोठा करायचा म्हणजे पुस्तकाच्या आकारात बसत नाही. मी दोन दिवस विचार केला. मग नकाशाचे भाग पाडून मोठे छापले, मागून मांजरपाट लावून जोडले, प्रत्येक जोडावर बारीक फट सोडली, म्हणजे घड्या तिथंच पडतील आणि कागद चिरणार नाही. घडी घालून तो पुस्तकात शेवटच्या जुजीबरोबर शिवला. उलगडला की आमची खाट भरते.

काल संध्याकाळी पोरगी तो खाटेवर पसरून गुडघ्यांवर चालत होती. कोकणातून घाट चढून वर आली, गोदावरी धरून नांदेडपर्यंत गेली, मग वर वळून हिंगोलीवर बोट ठेवलं. वसमत सापडलं, कळमनुरी सापडली. तांडा सापडेना.

"आपला तांडा छापलाच न्हाई की ह्यांनी," ती म्हणाली.

"एवढी लहान गावं नकाशात येत नाहीत," मी म्हणाले.

"मग मी काढते." तिनं जाड पेन घेतला आणि एक ठळक टिंब दिलं.

मामा शेजारी स्टुलावर बसले होते. "कुठं दिलं?" त्यांनी विचारलं. तिनं त्यांचं बोट धरून टिंबावर ठेवलं. मामांनी मान तिरपी करून तिथून बोट सरकवत कयाधू नदीची रेघ शोधली, तिच्या तोंडून गावांची नावं वदवून घेतली आणि मान हलवली.

"अगं, हे तर कयाधूच्या पलीकडं गेलं. आपलं रान अलीकडं हाय."

"न्हाई मामा, टिंब अलीकडंच हाय."

"पलीकडं हाय म्हंतो ना. आत्याबाईला इचार."

आत्याबाईंनी येऊन बघितलं आणि दोघांनाही चूक ठरवलं. आता निकाल द्यायला हे रानातून कधी येतात याची वाट बघत तिघंही ओट्यावर बसली होती. मी आत गेले, पाट्याखाली सुकत ठेवलेलं तिचं विज्ञानाचं पुस्तक काढलं, पाठीवरून बोट फिरवलं. खळ सुकली होती.